डोंगराखालचा ड्रॅगन

सूनबाई मिरच्यांचे देठ खुडायला बसली, की त्या ठसक्यासरशी मी सहासष्ट सालच्या दोंडाईच्यात, आमच्या ओट्यावर पोचते. बायका देठ खुडायच्या आणि मी मासिकातली जादूच्या राज्याची क्रमशः कथा वाचून दाखवायचे. एका अंकात ड्रॅगन बर्फातल्या डोंगराखाली गाडला जाऊन मेला, जादू संपली. सगळ्या हळहळल्या. मी म्हटलं, मिरची संपली तरी हात भगभगतात, तसा तो डोंगर अजून गरम आहे, असं शेवटी लिहिलंय. "तो जित्ता शे!" जिवंत आहे, या माझ्या ठाम बोलण्यावर बायका हसल्या.

पुढच्याच अंकात डोंगर फोडून ड्रॅगन उडाला.

माझे वडील, आबा, तेव्हा माझी शाळा बंद करायचं म्हणत होते. बायकांत बसून तो अंक ऐकलेली आई मिरची खाली ठेवून त्यांना म्हणाली, "मनी पोर शे. ती शिकीच!" माझी पोर आहे, ती शिकणारच.

तेव्हा मी ड्रॅगनचं ओळखल्याच्याच तोऱ्यात होते. आज अभिमान वाटतो तो आबांपुढे पहिल्यांदा चढलेल्या आईच्या आवाजाचा.