काचेच्या अंधाऱ्या बाजूला

दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसून तिने अर्धं आयुष्य काढलं. दाढ ठणकत असली तरी माणसं बोलायची थांबत नाहीत, हे तिला तिथेच कळलं. आत जाईपर्यंत पेशंट तिला सासूपासून साहेबापर्यंत सगळं सांगून मोकळे होत. एकदा डॉक्टर थट्टेत म्हणाले, "तुम्ही समुपदेशक व्हायला हवं होतं." तिने ते मनावर घेतलं आणि मुलगा कॉलेजात जायला लागला त्याच वर्षी स्वतः एम. ए.ला नाव घातलं. वर्गातल्या मुली तिच्या निम्म्या वयाच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला ताई करून टाकलं.

या अभ्यासात सुरुवातीलाच एक गोष्ट घोटून घेतात. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं, म्हणजे आपलं ऐकलं गेलं हे त्याला कळतं. ताईने हा प्रयोग घरात सुरू केला आणि घरच्यांच्या नाकी नऊ आणले. नवऱ्याने मोजा सापडत नाही म्हणावं, की हिने मऊ आवाजात विचारावं, "म्हणजे तुझी चिडचिड होतेय?"

"होत नव्हती. आता होतेय," नवरा म्हणायचा.

तिचे वडील तिच्याकडेच राहत. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले, जिभेला धार असलेले. एकदा जेवताना त्यांनी मीठ मागितलं. ताई म्हणाली, "तुम्हाला काहीतरी कमी पडतंय, बाबा." त्यावर बाबा म्हणाले, "हो. मीठ." सगळे पोट धरून हसले. ताईही हसली. बाबांची तिला काळजी अशी नव्हतीच. आई गेल्यावर ते सावरले, घरात खऱ्या अर्थाने मजेत असलेला माणूस तेवढा एकच, असं तिचं ठाम मत होतं. आणि ठाम मत व्हायला ताईला फार वेळ लागत नसे.

दुसऱ्या वर्षी वर्गाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका रुग्णालयात पाठवलं. तिथे शेजारी शेजारी दोन खोल्या होत्या आणि मधल्या भिंतीत एकाच बाजूने दिसणारी काच. उजेडाच्या खोलीत समुपदेशक बाई आणि बोलायला आलेला माणूस. अंधाऱ्या खोलीत विद्यार्थी, आवाज स्पीकरवर. काचेमागे शिकणारी मुलं बसतील, चालेल का, हे येणाऱ्याला आधीच विचारलेलं असे. मुलांना त्याचं नाव सांगत नसत. शिकवणाऱ्या मॅडमनी नियम एकच घातला होता: माणूस ओळखीचा निघाला तर लगेच उठून बाहेर जायचं.

"लगेच म्हणजे ऐकून झाल्यावर नाही," मॅडम म्हणाल्या. मुली हसल्या. इतक्या लांब आपल्या ओळखीचं कोण कडमडणार, असं ताईच्या मनात आलं.

उजेडाच्या खोलीचं दार उघडलं आणि बाबा आत आले.

लग्नकार्यात घालायचा इस्त्रीचा शर्ट त्यांनी घातला होता. सकाळी ते वाचनालयात जातो म्हणाले होते. क्षणभर ताईला वाटलं, आपण घरी विसरलेला डबा द्यायला ते शोधत शोधत इथवर आले. खरंच तसं वाटलं तिला. मग ते खुर्चीत बसले. जागा सवयीची असल्यासारखे बसले.

"कसा गेला आठवडा?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

"मागच्या वेळी बोललो तेच," बाबा म्हणाले. "जगायचा कंटाळा आलाय मला."

हा आवाज ताईने कधी ऐकला नव्हता. त्यात थट्टा नव्हती, कुरकुरही नव्हती. उठायला हवं, एवढं तिला कळत होतं, पण पाय जागचे हलेनात. ती बसूनच राहिली.

"घरी कुणाला बोललात हे?"

"छे. घरी मला हसतं राहावं लागतं."

मग मात्र ती उठली. शेजारणीच्या पायावर पाय पडला, दाराची कडी हाताला सापडेना. बाहेर बाकावर बसल्यावर आपण तोंडावर हात दाबून धरलाय हे तिच्या लक्षात आलं. मॅडम मागोमाग आल्या. डोकं दुखतंय म्हणाली असती तर ताई सुटली असती. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "ते माझे वडील आहेत."

मॅडम तिच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "त्यांना सांगावं लागेल."

"नका सांगू, मॅडम. कळलं तर ते पुन्हा इथे यायचे नाहीत. आणि आले नाहीत तर..." पुढचं तिला म्हणवेना.

"ती भीती मलाही आहे. पण त्यांनी परक्या माणसांना परवानगी दिली होती, मुलीला नाही. हे लपवलं तर त्यांच्याशी खरं वागणारं इथेही कुणी उरणार नाही."

"ते जिवाचं काही बरंवाईट करतील का? एवढं तरी सांगा."

"त्यांची काळजी घेतली जातेय. त्यापुढे मी तुमच्याशी बोलू शकत नाही."

"माझे वडील आहेत ते."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

ताईला संताप आला. गुप्ततेचे हे नियम तिने परीक्षेत घडाघडा लिहिले होते आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते. लिहिताना ते किती शहाणपणाचे वाटले होते.

ती आधी घरी पोचली. लिफ्ट वर येई आणि भलत्याच मजल्यावर थांबे. प्रत्येक वेळी ती उठून दारापाशी जाई. शेवटी बाबा आले. चपला काढून ते पाणी प्यायले आणि तिच्यासमोर बसले.

"किती ऐकलंस?"

खोटं बोलायची तिची तयारी होती. पण बोलली ती खरंच. "कंटाळा आलाय म्हणालात ते. आणि घरी हसतं राहावं लागतं ते."

"म्हणजे मुद्द्याचं काही सोडलं नाहीस."

"बाबा, तुम्ही पुन्हा जाणार ना तिथे?"

बाबांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "जाईन," ते म्हणाले. "तसं त्यांना कबूल करून आलोय. फक्त काचेमागे तू नकोस."

तिचा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी तिला फार लागलंही. 'का' या शब्दाने प्रश्न सुरू करू नये, माणसाला आरोपी झाल्यासारखं वाटतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तुझी आई गेली तेव्हा. झोप येत नाही, एवढंच म्हणालो, तर तू इतकी रडलीस की मीच तुझ्या उशाशी बसून राहिलो. त्याचा राग नाही गं मला. पण माझं राहून गेलं ते राहूनच गेलं. तिथे त्या बाई रडत नाहीत. तेवढा वेळ मला कुणाची समजूत घालावी लागत नाही."

आता काय करायचं ते ताई शिकली होती. पाय जमिनीवर टेकवायचे, श्वास सावकाश घ्यायचा, गप्प बसायचं, आपलं दुःख मध्ये आणायचं नाही. तिने पाय टेकवले. श्वास घेतला. ओठ घट्ट मिटून ती बाबांकडे बघत राहिली, आणि मग तिला रडू फुटलं. थांबवता थांबेना.

बाबा थोडा वेळ तिच्याकडे बघत बसले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले, तिच्याजवळ आले आणि "बरं, बरं, काही झालेलं नाही मला," म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवू लागले.