नदीत सोडलेला पाय

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मी बावीस वर्षं काढली आणि मेजर म्हणून निवृत्त झाले. शेवटची सहा वर्षं पुण्याला होते, पाय गेलेल्या जवानांच्या वॉर्डात. त्यानंतरचं पोस्टिंग माझ्या लेकीनं काढलं. मंजिरी नोकरीसाठी टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून कोलोरॅडोला बदलून आली, आणि तिसऱ्या महिन्यात माझं तिकीट आलं. ड्यूटी काय, तर नात इराला शाळेतून आणणे, संध्याकाळचा कुकर लावणे आणि उरलेला वेळ खिडकीतून बर्फ बघणे.

बर्फ बघता बघता शेजारचा ट्रॅव्हिस दिसला. २००६ सालचा एप्रिल. घरामागच्या हिरवळीवर तो रोज सकाळी आठ वाजता हातात लांब, बारीक काठी घेऊन उभा राहायचा. काठीला दोरी, दोरीच्या टोकाला गळ नाही, लाल लोकरीचा तुकडा. पंचवीस पावलांवर गवतात जेवणाची एक ताटली ठेवलेली. तो दोरी मागे फेकायचा. ती मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचा. मग पुढे. लोकर ताटलीत पडायची. पुन्हा मागे, पुन्हा थांबणं, पुन्हा पुढे. मी पोळ्या लाटता लाटता मोजत होते. चाळीस फेकींपैकी छत्तीस ताटलीत! आयुष्यभर परेड बघितलेली बाई मी, पण इतकं नेटकं ड्रिल मी कमी बघितलंय.

आणखी एक दिसलं. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. फुल पँट होती, पण चाल लपत नाही. कृत्रिम पायाचं सॉकेट, म्हणजे खुंट बसतो ती वाटी, आतून घासत होतं, हेही मला खिडकीतूनच कळलं.

पाचव्या दिवशी मी चकल्यांचा डबा घेऊन कुंपणाशी गेले. बोलणं सगळं इंग्रजीतच व्हायचं, मी आपल्या भाषेत सांगते.

"तुमचं सॉकेट सैल झालंय," मी म्हटलं. "आतल्या बाजूनं सोलून निघालं असेल."

तो गोंधळला. "मॅम, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"मेजर. नर्सिंग. इंडियन आर्मी. रिटायर्ड."

त्यानं काठी डाव्या हातात घेतली आणि कडक सॅल्यूट ठोकला. "स्टाफ सार्जंट ट्रॅव्हिस, मेजर मॅम." चकली त्याला तिखट लागली. डोळ्यांतून पाणी आलं, तरी तीन खाल्ल्या.

हळूहळू सगळं कळलं. ही फ्लाय फिशिंगची प्रॅक्टिस होती. यात गळाला किडा लावत नाहीत. पिसं, केस आणि धागा गळावर गुंडाळून खोटा किडा बांधतात, त्याला म्हणायचं फ्लाय. ट्रॅव्हिसला हे शिकवलं त्याच्या जोडीदारानं, कॉर्पोरल डॅनीनं. इराकमध्ये, तंबूची काठी आणि पॅराशूटची दोरी घेऊन. डॅनी डोंगरातल्या एका नदीकाठी वाढलेला. त्यानं तिथेच एक काळी, जाड फ्लाय बांधली होती. केस छावणीतल्या काळ्या कुत्र्याचे, धागा स्वतःच्या युनिफॉर्मचा. "ही घरच्या मे महिन्यातल्या पाण्यासाठी. माझ्या बापासमोर तुला हिच्यावर मासा धरायला लावतो," असं म्हणाला होता. २००४ मध्ये त्यांच्या गाडीखाली स्फोट झाला. डॅनी गेला. ट्रॅव्हिसचा पाय गेला. फ्लाय ट्रॅव्हिसच्या टोपीच्या अस्तरात टोचलेली होती, ती तशीच राहिली.

आता खुंटाचं हाड वाढत होतं. मेच्या शेवटच्या मंगळवारी ऑपरेशन ठरलं होतं, आणि या वेळी गुडघाही जाणार होता. गुडघा आहे तोवर नदीत उभं राहता येईल, मग कोण जाणे. म्हणजे मासा धरायचा तर त्याआधीच. पण मे महिन्यात डोंगरावरचं बर्फ वितळतं आणि नदी दुथडी भरून गढूळ वाहते. शहाणी माणसं जुलैपर्यंत गळ बाहेर काढत नाहीत. ट्रॅव्हिसच्या आईनं साफ सांगितलं, "मेजर बरोबर असतील तर जा. नाहीतर मुळीच नाही."

घरी मी जाहीर केलं. मंजिरी म्हणाली, "आई, तू रिटायर्ड आहेस ना? सहासष्ट वर्षांची आहेस!"

"रिटायर्ड आहे. बाद झालेली नाही."

"आजी, दे डोन्ट ईव्हन ईट द फिश," इरा म्हणाली. "दे लेट इट गो."

"धरून सोडून द्यायचा? मग धरायचा कशाला?" मी रत्नागिरीची. मला हे पटेना. अजूनही पुरतं पटलेलं नाही.

शनिवारी पहाटे चारला ट्रॅव्हिस आणि मी निघालो, सहाला डॅनीच्या वडिलांच्या नदीकाठच्या घरी पोचलो. वॉल्ट त्यांचं नाव. पासष्टीचा उंच माणूस, शब्द मोजून वापरणारा. भिंतीवर त्यांची स्वतःची काठी टांगलेली होती, तिच्यावर धूळ. मुलगा गेल्यापासून त्यांनी ती उतरवली नव्हती.

कॉफी पितापिता त्यांनी ब्रीफिंग दिलं. दिवसभर बर्फ वितळतं, ते पाणी या वळणावर संध्याकाळी पोचतं. म्हणून पहाटे नदी सगळ्यात खाली असते. मासे मधल्या धारेत टिकत नाहीत, काठाला विलोच्या झुडपांखाली, मोठ्या दगडामागच्या संथ पाण्यात येऊन बसतात. गढूळ पाण्यात त्यांना मोठी, काळी फ्लाय दिसते. लांब फेकायची गरज नाही, आत जायची तर नाहीच.

"पाणी नडगीपर्यंत," वॉल्ट म्हणाले. "पुढे पाऊल नाही. नऊला बाहेर."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पुरात मासे कुठे बसतात, हे हा माणूस आपल्या स्वयंपाकघरात बसून बोटानं टेबलावर काढून दाखवत होता.

पोझिशन अशा ठरल्या. वॉल्ट दीडशे पावलं वर, वळणावर. पुरात झाडंच्या झाडं वाहत येतात, त्यांच्यावर नजर ठेवायला. ट्रॅव्हिस दगडामागच्या संथ पाण्यात. डाव्या पायात उंच रबरी बूट, उजवा कृत्रिम पाय उघडाच, त्यात जुना बूट. "याला थंडी वाजत नाही, मॅम," तो म्हणाला. मी त्याच्या मागे काठावर, एका हातात वॉकीटॉकी, दुसऱ्यात वॉल्टची जाड काठी.

"मेजर, वॉल्ट. रेडिओ चेक. ओव्हर."

"लाउड अँड क्लिअर. ओव्हर." सांगते, अंगावर काटा आला. कितीतरी वर्षांनी.

पाण्यात उतरताना ट्रॅव्हिस जरा डगमगला. मी हात पुढे केला नाही. हा आमच्या वॉर्डाचा नियम. मला तो नायक गणपतनं शिकवला होता. सुरुंगावर पाय पडलेला, साताऱ्याकडचा, तिरसट आणि प्रामाणिक. "सिस्टर, मी मागेपर्यंत हात देऊ नका," म्हणायचा. तेव्हापासून मी कुणाला न मागता हात दिला नाही. गणपतची जखम चिघळली, त्यातून तो उठला नाही. शेवटच्या दिवशी मात्र त्यानं हात मागितला होता.

सहा वीसला पहिली फेक. आधी वॉल्टनं दिलेली साधी फ्लाय लावली होती, जागा समजून घ्यायला. सहा पन्नासला एक बोटभर मासा आला, त्यानं तो ओल्या हातानं सोडवून अलगद पाण्यात ठेवला.

"छोटी फांदी. पलीकडची बाजू. काही नाही. ओव्हर," वळणावरून वॉल्ट.

"रॉजर."

सात वाजता ट्रॅव्हिसनं टोपी काढली, अस्तरातून काळी फ्लाय सोडवली आणि बांधली. बोटं गारठलेली होती. तीनदा गाठ मारावी लागली. मी मदत करू का, असं विचारलंही नाही.

पहिली फेक. काही नाही. दुसरी. काही नाही. तिसरी विलोच्या अगदी मुळाशी पडली, मागून पुढे, मध्ये तेच थांबणं, ताटलीत लोकर पडावी तशी. दोरी वाहता वाहता मध्येच अडली. ट्रॅव्हिसनं काठी उचलली आणि ती अर्धी वाकली.

मासा एकदा पाण्याबाहेर आला. पिवळसर, ठिपक्यांचा ब्राऊन ट्राउट, माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. गढूळ पाण्यावर क्षणभर सोन्याचं काहीतरी उभं राहिल्यासारखा. मी ओरडले! हो, मीच. मग तो वळला आणि थेट मधल्या धारेकडे सुटला.

ट्रॅव्हिस एक पाऊल पुढे गेला. मग दुसरं. पाणी मांडीला लागलं.

"सार्जंट, बॅक!"

त्यानं मागे फिरायचा प्रयत्न केला. फिरला नाही. उजवा बूट दोन दगडांत अडकला होता.

"मेजर, लॉग!" वॉल्टचा आवाज. "मोठा. अख्खं झाड. तुमच्याच काठानं. अर्धा मिनिट. ओव्हर!"

आता सांगते ते माझ्या चुकीबद्दल. ट्रॅव्हिस पाय ओढत होता आणि मी काठावर उभी राहून वाट बघत होते. कशाची? त्यानं हात मागण्याची. चार सेकंद गेले. ते चार सेकंद मी आजही मोजू शकते. नियम वॉर्डासाठी होता, नदीसाठी नव्हता, हे कळायला मला चार सेकंद लागले.

मग मी कंबरेएवढ्या उंच विलोच्या फांद्यांना डाव्या हाताचा विळखा घातला आणि आवाज काढला, वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा तो.

"सार्जंट! बटण दाबा! पाय सोडा! दॅट्स ॲन ऑर्डर!"

सॉकेटवर बाहेरून, दुसऱ्या पायाकडच्या अंगाला एक बटण असतं. ते दाबलं की पाय सुटतो. त्याला माहीत होतं, पण घाबरलेल्या माणसाला आपला पाय आपलाच वाटतो, कृत्रिम असला तरी. आमच्या वॉर्डातही असंच.

त्यानं माझ्याकडे बघितलं. "आणि मासा?"

"मासा पण!"

"येस, मॅम."

तो वाकला. पाणी छातीपर्यंत आलं. दोरी तटकन तुटल्याचा आवाज आला. मग त्याचा मोकळा हात वर आला.

"हँड, मॅम."

मी वॉल्टची जाड काठी पुढे केली, काठीमागून हात दिला. वजन माझ्या दुप्पट. विलोची साल माझ्या दंडात रुतली, तिची खूण अजून आहे. तो एका पायावर, मी दोन पायांवर, असे आम्ही चिखलात उताणे पडलो. तेवढ्यात ते झाड आलं. मुळं वर, फांद्या खाली, कड्ड आवाज करत, तो उभा होता बरोबर त्या जागेवरून गेलं. नंतर तिथे नुसतं तपकिरी पाणी होतं. पाय नव्हता.

सात अठराला मी वॉकीटॉकी उचलली. "वॉल्ट, मेजर. सार्जंट सेफ. रिपीट, सेफ. एक पाय कमी. ओव्हर."

मग, "रॉजर."

मी खुंट पुसून ब्लँकेटमध्ये गुंडाळला, थर्मासमधला चहा पाजला. दात वाजत असतानाही ट्रॅव्हिस हसत होता. मी त्याला चार सेकंदांचं सांगून टाकलं. तो म्हणाला, "त्याआधी हात दिला असता तर मी घेतला नसता, मॅम."

वॉल्ट धापा टाकत आले. आमच्या अवताराकडे, ट्रॅव्हिसच्या एका पायाकडे बघितलं.

"मासा कशावर लागला?"

"डॅनीच्या फ्लायवर, सर. ती माशाच्याच तोंडात राहिली. सॉरी."

"केवढा?"

ट्रॅव्हिसनं दोन्ही हात पसरून दाखवलं.

"डॅनीनं याच्या दीडपट सांगितला असता," वॉल्ट म्हणाले, आणि नदीकडे तोंड करून उभे राहिले.

थोड्या वेळानं त्यांनी ट्रॅव्हिसची काठी उचलली. तुटलेल्या दोरीला खिशातली साधी फ्लाय बांधली आणि काठावरूनच एक फेक केली. दोरी मागे गेली, पूर्ण सरळ होईपर्यंत ते थांबले, मग पुढे. महिनाभर मी खिडकीतून रोज जे थांबणं बघत होते, तेच. वॉल्टकडून डॅनीकडे आलेलं, डॅनीकडून तंबूच्या काठीवर ट्रॅव्हिसकडे. ट्रॅव्हिसनंही ते बघितलं. मासा काही लागला नाही.

मंगळवारी ऑपरेशन झालं. व्यवस्थित झालं. ट्रॅव्हिस आता नव्या पायावर चालतो, सैनिकांच्या दवाखान्यात नवीन आलेल्यांना ताटलीत लोकर टाकायला शिकवतो. मंजिरीनं मला महिनाभर कुठे लांब जाऊ दिलं नाही.

जुलैत पाणी उतरल्यावर वॉल्टना तो पाय सापडला, दोन मैल खाली, वाळूत, बुटासकट. ट्रॅव्हिसच्या काही कामाचा राहिला नव्हता. वॉल्टनी तो त्या दगडाशेजारी काठावर, लोखंडी खांबाला पक्का बांधला. आता नदीचं पाणी ते त्याच्यावर मोजतात.

दर मे महिन्यात एका सकाळी सातला फोन वाजतो. यंदा, २००८ सालीही वाजला.

"मेजर, वॉल्ट. पाणी घोट्याला लागलंय. ओव्हर."

"रॉजर. अजून वर चढेल. ओव्हर."

मग ते म्हणतात, "कॉर्पोरल डॅनी."

मी म्हणते, "नायक गणपत."

त्यांच्याकडून नदीचा आवाज येतो.

"आउट," वॉल्ट म्हणतात.