शोभाने सांगितलेला गाण्याचा अर्थ

शोभा गेल्याचा फोन तिच्या भावाने केला. तीन वर्षं ज्याने बहिणीचा उंबरठा ओलांडला नाही, तो फोनवर हुंदके देत होता. बाराव्यालाही तीच तऱ्हा... जिला जिवंतपणी तोंडाळ म्हणून टाळलं, तिच्या स्पष्टवक्तेपणाचे गोडवे गात माणसं खिरीवर ताव मारत होती. मला ऐकवेना, म्हणून हे लिहिते आहे.

गोव्यात, साखळीच्या एका शाळेत ती पोर्तुगीज शिकवायची आणि मी मराठी. मुख्याध्यापक भाषणात चुकले तर ती बसल्या जागेवरून सुधारायची. त्यांना राग यायचा आणि मला, खरं सांगते, लाज वाटायची. तरीही डबा आम्ही एकत्रच खायचो.

तीन वर्षांपूर्वी तिच्या भाचीचा, याच भावाच्या मुलीचा, सायलीचा, हळर्णला साखरपुडा होता. नवऱ्यामुलाच्या मित्रांनी एक परदेशी गाणं लावलं आणि निवेदकाने ‘आपलं पोर्तुगीज प्रेमगीत’ म्हणून जाहीर केलं. खिडकीला जनेल म्हणण्यापलीकडे ज्यांना त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही, ते सगळे शहाणे डोलायला लागले. नवरदेव तर दोन्ही हातांनी बदाम करून दाखवत होता. शोभा उठली आणि तिने माइक घेतला. “हे गाणं स्पॅनिश आहे, पण पोर्तुगीजच्या जवळची भाषा, मला कळतं. यातली मुलगी म्हणते, आधी तो माझा फोन तपासायचा. मग मैत्रिणी तोडल्या. मग हात उचलला, आणि सकाळी फुलं घेऊन आला. ती फुलं मी कचऱ्यात टाकली.” मग ती सायलीकडे वळली. “तुझा फोन कुठे आहे गं?”

फोन नवऱ्यामुलाच्या खिशात होता. सायलीची नजर त्या खिशाकडे गेली. भाऊ ओरडत आला, “माझ्या चेडवाचो साखरपुडो मोडूक इलंस?” आणि मी काय केलं? शोभाचा पदर ओढला. “बस गे खाली, लोक बघतत.” लोक! त्या पोरीचा जीव गुदमरत होता आणि मला लोकांची पडली होती. मांडवातल्या सगळ्या भेकडांत मी पहिली. गाणं बदललं, पंगती उठल्या, पुढे लग्नही थाटात झालं. शोभाला आमंत्रण नव्हतं. मला होतं, आणि मी जेवून आले.

सव्वा वर्षाने सायली सुजलेल्या गालाने, नेसत्या कपड्यांनिशी साखळीला आत्याच्या दारात उभी राहिली. बापाने निरोप धाडला, निमूट नांदायला जा. शोभाने ‘मी सांगत होते’ असं चुकूनही म्हटलं नाही. तिने स्वतःची खोली रिकामी करून दिली, पोरीला डॉक्टरकडे नेलं, पोलिसांत नेलं, शेवटी एका दुकानात कामाला लावलं. हे सगळं आजारपण अंगावर काढून. आणि आम्ही म्हणत होतो, फार ताणते बाई.

शोभा रोज संध्याकाळी दाराबाहेरच्या सोप्यावर, पायऱ्यांलगतच्या बाकावर, वाटेत आडवे पाय लांब करून बसायची. तिला ओलांडल्याशिवाय कोणी आत जाऊच शकत नसे. परवा मी गेले तेव्हा तिथे सायली बसली होती. तेवढ्यात तिची सासू आणि नवरा, दोघं आले. बारावं उरकण्याचीच वाट बघत असावेत. सासू गोड आवाजात म्हणाली, “आता आत्या गेली. तुका हय कोण बघतला? चल घराक.”

“मीच माका बघतलंय,” सायली म्हणाली आणि तिने पाय लांब केले.

तो दोन पायऱ्या चढला होता. उतरला.