अंगठ्याआधीची ओळ
शाईच्या पॅडचा वास आला की मला खोपोलीतल्या एका कारखान्याची कचेरी आठवते. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती आणि मी तिथं उमेदवार म्हणून लागणार होतो, म्हणजे तीन वर्षं लेथ यंत्रावरचं काम शिकायचं. करारावर पालकाचा अंगठा हवा, म्हणून आई भाताची कापणी टाकून आली होती. कारकुनानं तिचा अंगठा पॅडवर दाबला, तर ती म्हणाली, "आदी वाचा." त्यानं कंटाळत वाचलं: मुलगा वेळेवर येईल, सांगेल ते काम करील, मुदतीआधी सोडून जाणार नाही. "आनि तुमी काय करनार, ते कुठं लिवलंय?" "शिकवणारच की, बाई. ते लिहायला कशाला पाहिजे?" "मंग पोरगा बी येनारच की. ते तरी कशाला लिवलंय?" मी लाजून तिचा पदर ओढला. "चल रं घरी," म्हणत ती शाईचा अंगठा तसाच उभा धरून दारापर्यंत गेली, तेव्हा कुठं कारकुनानं टाक उचलला आणि समासात ओळ घातली: मुलास लेथचे काम शिकवू. ती ओळ तिनं दोनदा वाचून घेतली. तोवर शाई वाळली होती, म्हणून तिनं अंगठा पुन्हा पॅडवर दाबला, या खेपेला स्वतःच्या हातानं. हा म्हातारा प्रत्येक कागदावर अडून बसतो, असं आता माझ्याबद्दल म्हणतात. बसणारच. हवं तर तसं लिहून देतो.