शेवटचा सामना हरायचा होता

सोमवारी सकाळी माझ्याशी कुणी बोलायचं नाही, असा आमच्या घरात नियम आहे. घरात आम्ही दोघंच, मी आणि अम्मा. म्हणजे नियम एकट्या अम्मासाठी आहे, आणि ती तो पाळत नाही. माझ्या संघाचा सामना रविवारी तिकडे अमेरिकेत, आपल्या मध्यरात्री होतो. चाळिशी उलटल्यावर जागरण झेपत नाही आणि सोमवारी ऑफिस असतं, म्हणून मी रेकॉर्ड झालेला सामना सकाळी बघतो. तोवर फोनला हात लावायचा नाही, कारण फोन उघडला की निकाल आधीच तोंडावर येऊन आदळतो. एवढं सोवळं पाळून मी टीव्हीपुढे बसतो आणि अम्मा आतून विचारते, "गेद्द्रा मगा, का सोत्रा?" जिंकले का रे पोरा, की हरले, एवढंच तिला हवं असतं.

"बघतोय अजून."

"मग सोतलेच असतील. तुझं तोंड बघ की."

आम्ही म्हैसूरच्या अग्रहारातले शिंपी. कितीतरी पिढ्यांपूर्वी इथे आलेले, घरात मराठी, दारात कन्नड, देव्हाऱ्यात विठ्ठल. देवराज मोहल्ल्यात वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. ते गेले आणि दुकानही गेलं, कारण मी तेव्हा अमेरिकेत कॉम्प्युटरपुढे बसलो होतो. ज्या शहरात होतो तिथे वर्षातला अर्धा काळ बर्फ. मला तिथे कुणी ओळखत नव्हतं. पण पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या एकाने मला सामन्याला नेलं, संघाचा टी-शर्ट घ्यायला लावला, आणि दुसऱ्या दिवशी बसच्या रांगेतला एक म्हातारा तो टी-शर्ट बघून माझ्यापाशी आला, म्हणाला, काल काय घाण खेळले आपले लोक. आपले, म्हणाला. तिथे राहिलो त्या सगळ्या वर्षांत माझ्याशी इतक्या आपुलकीने दुसरं कुणी बोललं असेल असं आठवत नाही.

मग कंपनीने माणसं कमी केली. नोकरी गेली की तिकडे राहायची परवानगीही जाते. मी दोन बॅगा घेऊन म्हैसूरला परतलो. भाड्याचं घर गेलं, गाडी गेली, एक मैत्रीण होती ती फोनवरून हळूहळू गेली. उरला तो संघ, आणि तोही असा की सोमवारी सकाळी माणसाला जगणं नको व्हावं.

अमेरिकन फुटबॉल ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक माणूस असतो. प्रत्येक डावात चेंडू आधी त्याच्या हातात येतो, आणि तो कुणाकडे फेकायचा हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. तेवढ्यात समोरचे राक्षस त्याच्या अंगावर धावून येतात. तो चांगला असला तर संघ तरतो, नसला तर बाकीच्यांनी जीव टाकून काही होत नाही. आमचा पस्तिशीकडे झुकलेला होता. माणूस अत्यंत दानशूर. भर सामन्यात, सगळ्यांदेखत, समोरच्या संघाच्या हातात चेंडू नेऊन द्यायचा. मोकळा माणूस डावीकडे हात हलवतोय आणि हा उजवीकडे गर्दीत फेकतोय. त्याच्या रक्षणाला म्हणून जे पाच ठोकळे उभे केले होते ते बाजूला होऊन वाट देणारे, हे मला मान्य आहे. पण नाचता येईना अंगण वाकडं, असं किती वर्षं चालवून घ्यायचं? मी दर सोमवारी सोफ्यावरून ओरडायचो, "हाकला रे ह्याला! घरी पाठवा एकदाचा!"

हे ओरडणं ऐकून अम्मा सामना बघायला लागली. आधी तिला त्या खेळाडूंच्या खांद्यांचं नवल वाटलं. आत गाद्या असतात हे सांगूनही तिचं समाधान होईना. "खांदे एवढे नि बाही केवढी. कुणी बेतलंय रे?" मग खेळ सोडून ती फक्त त्या क्वार्टरबॅककडे बघायला लागली. चार माणसं त्याच्यावर पडायची, एकेक करून उठायची, आणि शेवटी तळातून हा उठायचा, तोंडापुढच्या जाळीत गवत अडकलेलं. "पापा," ती म्हणायची. म्हणजे बिचारा. "ह्याची आई बघत असेल का रे हे?"

"बघत असेल तर टीव्ही बंद करत असेल."

"आणि असाच सोतत राहिला तर काय करतील त्याला?"

"काय करणार? काढून टाकतील. सामान बांधून घरी." मी हे मजेत म्हणालो होतो.

कार्तिकी एकादशीनंतर अम्माने कॉफी सोडली. म्हैसूरची बाई कॉफी सोडते म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. तिचा दिवस फिल्टरमधून डिकॉक्शन ठिबकायला लागल्यावर सुरू व्हायचा, तोवर तिच्याशी देवही बोलला नसता. आता ती मला कॉफी करून द्यायची आणि स्वतः नुसतं गरम दूध घेऊन बसायची. मी विचारलं तर म्हणाली, पित्त होतं. मी पित्ताच्या गोळ्या आणून दिल्या. तिने त्या डब्यात ठेवून दिल्या.

इकडे आमचा संघ दसऱ्यापासून एकही सामना जिंकला नव्हता. आणि गंमत अशी की डिसेंबर आला तसा मला त्यातच आनंद व्हायला लागला. तिकडची रीत अशी आहे की जो संघ सगळ्यांत शेवटी राहतो त्याला पुढच्या वर्षीसाठी कॉलेजातल्या पोरांमधून पहिला पोरगा निवडता येतो. या वर्षी त्या पोरांत एक क्वार्टरबॅक होता. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोनवर त्याची फेक बघायचो. धावता धावता, अंग वळवून, बघतोय भलतीकडे आणि चेंडू बरोबर आपल्या माणसाच्या छातीवर. माझे डोळे भरून यायचे. खोटं कशाला बोलू, परतल्यापासून मला पुढच्या वर्षाची वाट बघावीशी वाटली ती त्या पोरामुळे. तो आमच्याकडे येणार होता. आम्ही फक्त शेवटचा सामना हरायचा होता, आणि हरणं ही एकच गोष्ट आमच्या संघाला पक्की येत होती.

त्या सोमवारी मी अंघोळ करून देव्हाऱ्यापुढे उभा राहिलो, जे मी एरवी करत नाही. हात जोडले आणि म्हणालो, आज तेवढं हरव. अम्मा शेजारीच डोळे मिटून उभी होती, ओठ हलत होते. मला वाटलं, रोजचंच काहीतरी असेल. सामना वास्तविक रात्रीच होऊन गेला होता, पण आमच्या घरात तो अजून व्हायचा होता, आणि एकाच देव्हाऱ्यावर दोन उलट अर्ज पडले होते.

काय सांगू. त्या माणसाच्या अंगात आलं होतं. ज्याने अख्खा हंगाम चेंडू परक्यांच्या पदरात टाकला तो त्या दिवशी चुकेचना. पडला, उठला, पुन्हा फेकला. पाय मुरगळून लंगडत होता तरी मैदान सोडीना. मी ओरडत होतो, "अरे बाबा, आज नको! आज नको रे!" शेवटच्या मिनिटात त्याने एवढा उंच चेंडू फेकला की मला वाटलं हा आता प्रेक्षकांत जातो. तो आमच्याच माणसाच्या हातात पडला, रेषेच्या पलीकडे. आम्ही जिंकलो. पोरगा गेला.

मी डोकं धरून बसलो. अम्मा दारात आली. "गेद्द्रा?"

मी मान हलवली. तिचा चेहरा असा फुलला की मी बघतच राहिलो. ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग वास आला, आणि ती पेला हातात घेऊन माझ्यासमोर बसली आणि कॉफी प्यायली. डोळे मिटून, सावकाश. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. आमच्या संघाच्या अख्ख्या भवितव्याचं वाटोळं आमच्याच स्वयंपाकघरातून झालं होतं.

मी मनात धुमसत राहिलो. पुढच्या एकादशीला तिला नवस फेडायला विठ्ठलाच्या देवळात जायचं होतं, मी रिक्षाने घेऊन गेलो. तिने तुळस वाहिली, साखर वाटली, दोन ओळखीच्या बायकांना माझा मुलगा आहे म्हणून पुन्हा एकदा दाखवलं. मग आम्ही सभामंडपात खांबाला टेकून बसलो आणि मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. शेवटचा नंबर, कॉलेजातला पोरगा, सगळं. म्हणालो, "माझ्यासाठी मागितलंस हे कळतं ग. पण एकदा विचारायचं तरी. चांगलं करायला गेलीस नि सगळं बुडवलंस."

"तुझ्यासाठी कुठं मागितलं?" ती म्हणाली. "त्याच्यासाठी मागितलं. त्या फेकणाऱ्यासाठी."

"त्याच्यासाठी? तो तुझा कोण?"

ती लुगड्याचा काठ बोटाने सारखा करत राहिली. मग म्हणाली, "तू तिकडं होतास ना, तेव्हा मी भात सोडला होता."

मला आधी कळेचना. मग आठवलं. व्हिडिओ कॉलवर ती नेहमी मुद्दे, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, खात असायची. डॉक्टरांनी भात बंद केलाय, म्हणायची. मी परतलो त्या दिवशी तिने सारू-भात केला आणि स्वतः पुन्हा पुन्हा वाढून घेतला. मला वाटलं होतं, आनंदाने जेवतेय.

"मी सोडला होता, मगा. तू घरी येईतोवर. तुझे बाबा गेले, मग घर खायला उठलं. विठ्ठलाला म्हटलं, काहीही कर, पोराला घरी आण. कसं आण ते सांगायचं राहिलं. त्यानं असं आणलं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तू आलास तेव्हा तुझं तोंड बघितलं नि समजलं, मी काय मागून बसले. तीन वर्षं बघतेय ते तोंड. आणि तू दर सोमवारी ओरडतोस, घरी पाठवा, घरी पाठवा. वाटलं, एकाला आणलाय तेवढं साकु, पुरे झालं. त्याला तरी राहू दे जिथं आहे तिथं."

मला राग आला. खरंच आला. नवसाने नोकऱ्या जात नाहीत, कंपनीने शेकडो लोकांना काढलं, त्या सगळ्यांच्या आया काही भात सोडून बसल्या नव्हत्या, हे सगळं मला माहीत होतं आणि तरीही आला. मी उठून बाहेर चपलांपाशी जाऊन उभा राहिलो. तिकडच्या त्या खोलीतली खिडकी आठवली, बर्फ आठवला, बसच्या रांगेतला म्हातारा आठवला. एवढ्या सगळ्याच्या बदल्यात हिला एक माणूस जेवायला समोर हवा होता. मग वाटलं, हवा होता तर होता. मला तरी दुसरं कोण मागत होतं? मी परत आत गेलो. पायऱ्या उतरताना तिला हात द्यावा लागतो.

पुढचे महिने वाईट गेले. तिकडे सामने संपले की नुसत्या बातम्या असतात, आणि आमच्या बातम्या कधीच चांगल्या नसतात. त्या पोराला दुसराच संघ घेणार हे उघड झालं, तोही असा की वर्षातून दोनदा त्याच्याकडून आम्हालाच मार खायचाय. प्रशिक्षक तोच ठेवला, का तर शेवटचा सामना जिंकला. पाच ठोकळेही तेच. माझ्या मते पुढची चार वर्षं तरी काही खरं नाही. अम्मा मात्र अधूनमधून विचारायची, "आहे ना तो? ठेवला ना?" मी म्हणायचो, आहे.

युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी एका सकाळी फोन उघडला आणि बातमी आली. त्यालाही काढला. वय, पगार, दुखरा पाय, वगैरे वगैरे. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं. त्याचा एक फोटो होता, पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत खोकं ठेवताना. त्याच्याविषयी मी काय काय बोललो होतो ते त्या फोटोपुढे मला एक अक्षरही आठवेना.

अम्मा खिडकीशी बसून शेजारणीच्या झंपरला हुक लावत होती. खोटं बोलावं असं मनात आलं. तिला काय कळणार होतं? पण या घरात न सांगता केलेल्या गोष्टी पुरे झाल्या होत्या.

"अम्मा, त्याला काढलं ग. घरी पाठवलं."

तिचा हात थांबला. तिने सुई कापडात खोचून ठेवली. मला वाटलं, आता रडेल, किंवा विठ्ठलाला बोल लावेल.

"मग त्याच्या अम्मानं मागितलं असणार," ती म्हणाली.