शुक्र नव्हता तो

दिनकर तेलगोटे गेल्याचा फोन आला तेव्हा मी जठारपेठेत चक्कीवर दळणाचा डबा घेऊन उभा होतो. फोन त्याच्या मुलीचा, उज्ज्वलाचा. "काका, बाबा गेले... आत्ताच." चक्कीच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं आणि त्या पोरीला ते दोनदा सांगावं लागलं. याचं अजून वाईट वाटतं. पण त्याहून वाईट गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगायची म्हणूनच हे लिहायला बसलो आहे. फोन ठेवल्यावर मला रडू आलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांचा जिवाभावाचा मित्र गेला आणि मी सुटलो... असं वाटणारा माणूस काय लायकीचा, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. दवाखान्यात शेवटच्या भेटीत त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर तेव्हापासून माझ्यासोबत घरात राहते. दाढी करताना आरशातसुद्धा माझ्या आधी तीच दिसते.

दिनकर अकोल्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. मी जमीन मोजणीच्या खात्यात होतो, आयुष्य लोकांच्या बांधावर उभं राहून गेलं. आमची घरं एका गल्लीत. त्याला एक नाद होता. कुणाला आकाशात काही न समजणारं दिसलं, उडती तबकडी दिसली, उजेडाचा गोळा दिसला, अशी बातमी कानावर आली की हा पिशवी खांद्याला लावून निघायचा. निवृत्तीनंतर मीही त्याच्यासोबत जायला लागलो. घरी बसून बायकोची बोलणी खाण्यापेक्षा ते बरं. गल्लीतले लोक आम्हाला 'तबकडीवाले' म्हणायचे. मला राग यायचा, दिनकर हसायचा. या नादाचं मूळ त्याच्या वडिलांपाशी होतं. ते कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत. छप्पन साली त्यांनी घरातले देव बाजूला ठेवले, पण कुणाच्या भीतीची कधी टर उडवली नाही. लहानपणी दिनकरला ओढ्याकाठी भुताचा दिवा दिसला होता. बापानं त्याला कडेवर घेतलं, त्याच ओढ्यावर त्याच वेळेला नेलं आणि म्हणाला, "कुठं दिसला तुले, दाखव." दिनकरची सगळी पद्धत या एका वाक्यातून आली होती.

पद्धत अशी. ज्यानं पाहिलं त्याला त्याच जागी, त्याच वेळेला उभं करायचं. "तबकडी" हा शब्द आपण आधी उच्चारायचा नाही. मग दिनकर पिशवीतून एक चपटा डबा काढायचा. त्यात वेगवेगळ्या खणांत तीळ, मूग, तूर, हरभरा असे दाणे. माणूस सांगायचा, गोळा टोपल्याएवढा होता. दिनकर म्हणायचा, "बरं. आता यातला एक दाणा चिमटीत धरा, हात लांब करा अन् सांगा, कोणत्या दाण्यानं तो झाकला असता?" पुनवेचा चंद्रसुद्धा लांब धरलेल्या तुरीच्या दाण्याआड लपतो, हे मला त्यानंच दाखवलं. दाणे त्याचे, दिशा माझी. माझं होकायंत्र खात्यात असल्यापासूनचं, त्याला मी कुणाला हात लावू देत नसे. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर एका ढाबेवाल्याच्या अख्ख्या घराण्यानं रांगेत जाणारे दिवे पाहिले होते, ती उपग्रहांची माळ निघाली. ढाबेवाला इतका नाराज झाला, की जणू आम्हीच त्याची तबकडी चोरून नेली. तरी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. दिनकर अशा प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायचा, "तुमी पायलं ते खरंच होतं. फक्त ते काय होतं, तेवढं आमी शोधलं." माणसाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, याची त्याला फार काळजी.

अंजनगाव सुर्जीच्या सुमनबाईंचा शब्द मात्र आम्ही खाली पाडला. आम्ही म्हणजे मी.

गावाबाहेर त्यांचा फुलांचा मळा. पहाटे शेवंती तोडून पहिल्या गाडीनं अमरावतीला पाठवायची, हे काम त्या लग्न होऊन आल्यापासून करत होत्या. दिवाळीनंतर एका पहाटे त्यांना चिंचेच्या झाडावर तांबूस उजेड दिसला. कंदिलासारखा, आवाज नाही. हळूहळू वर गेला आणि विझला. त्यांनी घरी सांगितलं, घरातून गावात गेलं, आणि गावात हसण्यावारी गेलं. महिनाभरानं आम्ही पोचलो तेव्हा दाट धुकं होतं. डोंगर दिसत नव्हता, सूर्य कुठून उगवला तेही कळलं नाही. सुमनबाईंनी डब्यातून मूग उचलला, लांब धरला, म्हणाल्या, "हा. तीळ नाई, मूग." दिनकरनं विचारलं, शुक्राची चांदणी तर नसेल? बाई चिडल्याच. "शुक्राले वळखत नाई काय मी? तिले पाहूनच तं मले रोज उठा लागते. चांदनी उगवतीकडं होती, अन् हे सातपुड्याकडं."

मी चिंचेच्या झाडाची दिशा मोजली. होकायंत्र म्हणालं, पूर्व. जिथं त्या पहाटे शुक्र होता, बरोबर तिथंच. दिनकर थोडा घुटमळला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "अरुण, पुन्हा एकडाव पाय बरं. बाई ठामपणे सांगून राह्यली." माझं टाळकं सरकलं. म्हणालो, "आयुष्यभर मोजण्या केल्या मी. तुला माझ्यापेक्षा त्या बाईचा भरवसा आहे का?" बाईंच्या अंगणात चारचौघांसमोर त्यानं नेहमीच्या गोडीनं सांगितलं, की तो शुक्र होता, धुरकट हवेत असा भास कुणालाही होतो. सुमनबाई आमच्यासाठी चहा ठेवायला उठल्या होत्या, त्या तशाच आत गेल्या आणि बाहेर आल्या नाहीत.

पुढचं आम्हाला नंतर कळलं. गावानं त्यांचं नाव 'शुक्रवाली' ठेवलं. मुलगा म्हणाला, आईला आता नीट दिसत नाही, समजत नाही, अंधारात विहिरीपाशी एकटी जाते, काही झालं तर? त्याचाही जीव तुटत असेल. पण त्यानं मळ्याच्या फाटकाची चावी आईकडून काढून घेतली. जिनं रोज पहाटेचा मळा पाहिला, ती बाई दारात बसून उजाडायची वाट पाहू लागली. हे ऐकलं त्या दिवशी दिनकर जेवला नाही. "आपल्यामुळे झालं हे," म्हणाला. मी त्यालाच समजावलं, की खरं ते सांगितलं, त्यात आपला काय दोष!

फाल्गुनात एका लग्नासाठी मी अंजनगावला गेलो. सकाळी पाय मोकळे करायला म्हणून निघालो आणि त्या मळ्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. आभाळ स्वच्छ होतं. सातपुडा लख्ख दिसत होता... आणि चिंचेचं झाड बरोबर त्याच्या पुढ्यात होतं. सूर्य पार दुसरीकडून वर येत होता. मग मला विहिरीजवळची मोटारीच्या स्टार्टरची लोखंडी पेटी दिसली, आणि सगळं आठवलं. त्या दिवशी माझा गुडघा धरला होता, खाली बसवत नव्हतं, म्हणून मी होकायंत्र त्या पेटीवर ठेवलं होतं. मोटार चालू होती. लोखंडाजवळ होकायंत्र नेऊ नका, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. साखळी, पहार सगळं दहा पावलं लांब ठेवायला लावायचो. आणि धुक्यातल्या त्या सकाळी एका बाईनं डोंगर कुठं आहे ते तोंडानं सांगितलं असताना मी लोखंडाचं ऐकलं. समोरच्या घरात सुमनबाई होत्या. दार उघडं होतं. मी गेलो नाही. अकोल्याला परतलो, आणि दिनकरलाही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? दर वेळी वाटायचं, उद्या सांगू. आपलं हसं होईल, गल्लीला कळेल, मोजणीवाले साहेब म्हणून जो काही मान उरलाय तोही जाईल... असलीच कारणं. लिहितानासुद्धा ती किती फडतूस दिसतात! दोन वर्षं गेली. दिनकर अधूनमधून रविवारी पहाटेच निघायचा. लेकीकडे अमरावतीला जातो म्हणायचा. मला सोबत चल असं त्यानं नंतर कधी म्हटलं नाही, आणि मला तेच बरं वाटायचं. पाठीमागं कुणीतरी उभं असल्यासारखी ती दोन वर्षं गेली. फोन वाजला की वाटायचं, कळलं याला.

मग त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा नाकाला नळी होती, बोलताना धाप लागत होती. उज्ज्वला औषध आणायला खाली गेली, तेवढ्यात त्यानं मला जवळ बोलावलं. "अरुण... अंजनगावले... होकायंत्र कुठं ठेवलं होतं रे तू?" मी म्हणालो, "हातात होतं. कुठं ठेवणार? शुक्रच होता तो. झोप आता." त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, असता तर मी निभावलं असतं. लांबून येणारी गाडी दिसावी आणि ती न थांबता पुढं निघून जावी, तेव्हा माणूस पाहतो तसं पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि माझ्या हातावर थोपटलं. चार दिवसांनी तो गेला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर उज्ज्वलानं त्याच्या सगळ्या फायली माझ्या हवाली केल्या. "बाबांनी सांगून ठेवलं होतं, तुम्हालाच द्यायच्या." अंजनगावची फाईल सर्वांत वर होती. आत आमचे जुने कागद, आणि त्यावर त्याच्या सुवाच्य अक्षरात एक नवं पान. त्यानं एकट्यानं जाऊन पुन्हा मोजणी केली होती. धुक्याच्या त्या पहिल्या सकाळी त्यानंच मोबाईलवर काढलेला एक फोटो सोबत लावला होता. कोपऱ्यात पेटी, पेटीवर होकायंत्र. खाली लिहिलं होतं, "उजेड सातपुड्याच्या दिशेस. शुक्र नव्हे. काय होते ते अज्ञात. पहिल्या मोजणीत होकायंत्र लोखंडी पेटीवर ठेवले गेले. चूक माझी. दि. तेलगोटे." तारीख पाहिली. मी लग्नाला जाऊन आलो त्याच्यानंतर तीनच आठवड्यांची. म्हणजे ही दोन वर्षं त्याला माहीत होतं. दवाखान्यात तो मला प्रश्न विचारत नव्हता, एक संधी देत होता. आणि मी त्याला झोप म्हणालो.

गेल्या आठवड्यात अंजनगावला गेलो. रात्र नातेवाइकांकडे काढली आणि पहाटे मळ्यावर पोचलो. फाटक उघडं होतं. सुमनबाई टोपली घेऊन झेंडू तोडत होत्या, चावी कमरेला. मी म्हणालो, तेलगोटे सर गेले. "मालूम झालं मले," त्या म्हणाल्या, "पोरीचा फोन आलता." मग आपणच सांगू लागल्या. सर बाजाराच्या दिवशी आले, पारावर उभं राहून सगळ्या गावासमोर बोलले, की चूक आपली झाली, बाईचं बरोबर होतं. "दुसऱ्या दिवशी पोरानं चाबी आनून देल्ली माह्या हातात. त्याच्यानंतर सर येत जात. काई बोलत नोते. बसून राहत."

मी सगळा धीर गोळा केला. "सुमनबाई, ते होकायंत्र दिनकरनं नव्हतं ठेवलं. मी ठेवलं होतं."

त्यांचा हात थांबला नाही. "मी पायलं होतं ना," त्या म्हणाल्या. "तुमी गुडघ्यावर हात देल्ला, अन् मोटारीच्या डब्ब्यावर ठेवलं. सर तं तिकडं दाने भरून राह्यले होते."

"मग सरांना का नाही सांगितलं?"

"सांगतलं. ते म्हने, मालूम हाय मले. थो येईन एक दिवस, तवा त्याचं त्यालेच सांगू द्या. तवर माहं नाव चालवा." त्यांनी टोपली खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "लय वाट पायली त्यायनं तुमची."

तेव्हा मला रडू आलं. दीड महिना उशिरा, परक्या मळ्यात, बाईमाणसासमोर. त्यांनी रडू दिलं. मग विहिरीच्या कठड्याजवळची एक निळी प्लास्टिकची खुर्ची दाखवली. सरांची खुर्ची, म्हणाल्या, ते गेल्यावरही आपण ती हलवली नाही. खुर्चीच्या उजव्या हातावर बॉलपेनचे बारीक ठिपके होते. विचार करताना पेनाचं टोक टेकवत राहायची दिनकरची सवय. शाळेतलं त्याचं टेबलही असंच ठिपक्यांनी भरलेलं असायचं. मी त्या ठिपक्यांवर हात ठेवून बसलो. हळूहळू उजाडलं. सूर्य माझ्या उजव्या हाताला वर आला, आणि समोर, कागदावर मी जिथं पूर्व लिहिली होती तिथं, सातपुडा उभा होता.