डोंगरावर ठेवलेलं दुखणं

नागद्वारच्या यात्रेच्या वाटेवर कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही. चढणारा भगत, उतरणारा भगत, चहा पाजणारा भगत, आणि धक्का देऊन पुढे घुसणाराही भगतच. नागपुरात माझ्या नाकावर सदा राग असतो म्हणतात, पण पचमढीच्या डोंगरात, श्रावणातल्या त्या ढगात शिरलं की तो कुठं जातो कोण जाणे. समोरचं झाड दिसत नाही. माणसं पांढऱ्यातून निघतात, "चलो भगत" म्हणतात आणि पांढऱ्यातच विरून जातात. तिथे चालताना मला नेहमी वाटतं, आपण झोपेत आहोत आणि पाय आपले आपण चालले आहेत.

गेल्या श्रावणात आईला घेऊन गेले. सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, डॉक्टर नको म्हणणारे. पण ती ऐकणार कोणाचं? "यंदा शेवटचं. झिऱ्याचं पाणी पिते अन् त्याले सांगून येते," म्हणाली. झिरा म्हणजे वाटेवरचा झरा, आणि 'त्याले' म्हणजे महादेवाला. त्या दोघांचं नातं पहिल्यापासून एकेरीवरचं. बस सुटून सावनेर मागे पडलं तशी ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, ती थेट घाट लागेपर्यंत.

माझा धाकटा भाऊ लहानपणी फेफरं येऊन पडायचा. दवाखाना सुरू होताच, पण आईनं त्याचा एक सदरा पन्नीत बांधून या डोंगरावर, झिऱ्याच्या कपारीत नेऊन ठेवला. प्लास्टिकच्या पिशवीला आम्ही नागपूरकर पन्नी म्हणतो. तिला कोणीतरी सांगितलं होतं की दुखणं डोंगरावर ठेवायचं आणि मागे न बघता उतरायचं. तिथे ठेवलेलं काही खाली आणायचं नाही, आणलं तर दुखणं त्याच्यासोबत घरी येतं. भाऊ बरा झाला. गोळ्यांनी की डोंगरानं, हा विषय आमच्या घरी काढायचा नसतो. पुढे दर वर्षी आई तिथे काही ना काही ठेवत गेली. नारळाची पन्नी, उदबत्तीचा पुडा, अंगावर भिजून फाटलेली प्लास्टिकची बरसाती. कोणाचा दमा, कोणाचं वांझपण, कोणाची दारू. आमच्यासोबतचे सगळेच असं काही ठेवून हलके होऊन उतरायचे.

झिरा आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. खडकाच्या फटीतून मनगटाएवढी धार पडायची, कोणी तिथे जांभळाचं पान खोचून ठेवलेलं असायचं, आणि त्या पाण्यानं दात शिवशिवायचे. या खेपेला तो ऐकू आला नाही. फट पन्न्यांनी बुजली होती. निळ्या, गुलाबी बरसात्या कुजून चिकटल्या होत्या, त्यात बाटल्या, प्रसादाचे पुडे. पाणी बिचारं बाजूनं कुठून तरी झिरपत होतं आणि त्याला वास येत होता.

माझा हरवलेला राग तिथे एकदम सापडला. "हे म्हणे भगत! देवाच्या दारात उकिरडा करून ठेवला."

"त्याईले काहून बोलतं वं?" आई म्हणाली. "यात माह्याच पन्न्या असतीन."

ती खाली बसली. एक पन्नी ओढून काढली आणि तशीच हातात धरून राहिली.

"काढली त खाली न्या लागन," म्हणाली.

"बाजूला ठेव."

"बाजूची पाण्यानं पुन्हा यातच येते."

"मग नेऊ. गावात कचऱ्याची गाडी असते. काय होतं त्यात?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला पोरालाच दरीत ढकलायला सांगितलं. "तुले काय होते? तो पडून हातपाय झाडे तवा मी धरून राहो त्याले. तू नाही."

मी तिच्या शेजारी खडकावर टेकले.

ढग खाली उतरून आमच्या मांडीत आला. कुठे तरी ढोलकी वाजत होती, ती कधी वरून यायची, कधी खालून. शेवाळ इतकं हिरवं होतं की त्याच्याकडे बघता बघता माझे डोळे मिटले. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. उघडले तेव्हा आई दोन्ही हातांनी पन्न्या उपसत होती आणि हळू आवाजात महादेवाशी बोलत होती.

"तुलेच प्यायले पाणी नाही, अन् मी माह्या पोराचं दुखणं तुह्या गळ्यात कोंबून ठेवलं. नेऊन राहिली मी आता. त्याले काही करू नको, बाप्पा."

मला रडू आलं. डोळे पुसले आणि मीही उपसायला बसले. चहावाल्या भगताकडून रिकामी चुंगडी मागून आणली, धान्याचं पोतं असतं ती. ती तोंडापर्यंत भरली तेव्हा फटीतून आधी गढूळ, मग जरा निवळ अशी करंगळीएवढी धार सुटली. आई ते पाणी प्यायली नाही. तिनं ते फक्त डोळ्यांना लावलं.

चुंगडी काही तिनं मला घेऊ दिली नाही. "माह्यं हाय ते," म्हणाली. ढगातून उतरणारी म्हातारी, डोक्यावर गाठोडं, ओठ हलताहेत. चढणाऱ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. लोक वाट सोडून उभे राहू लागले. एकानं चुंगडीला हात लावून कपाळाला लावला. दुसऱ्यानं वर फूल ठेवलं.

"सांग ना त्यांना, कचरा आहे म्हणून," मी पुटपुटले.

"पाया पडून राहिले त पडू दे. कचऱ्याच्या पाया पडल्यानं कोणाचं वाईट झालं काय?"

एका बाईनं विचारलं, "कोणता देव आहे माय?"

"पन्नी," आई म्हणाली.

तिला काय ऐकू आलं कोण जाणे. "जय पन्नीमाय!" म्हणत तिनं हात जोडले. मी इतकी हसले की पाय घसरता घसरता वाचला. आईही हसली, पण मान न हलवता.

खाली जिपा उभ्या असतात तिथे ढग संपला आणि आईच्या फोनला रेंज आली. आईचं हसू मावळलं. चुंगडी डोक्यावरून न उतरवताच ती म्हणाली, "लाव त्याले फोन."

लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. देवाधर्माची टिंगल करणारी मी, पण एकेका घंटीला मीही 'बाप्पा' म्हणत होते. आईनं डोळे मिटून घेतले होते. अखेर भावानं उचलला, तसा मी फोन तिच्या हातात दिला.

"काय झालं आई? ऑफिसात आहे ना मी."

"काही नाही. बरा आहे ना गा तू?"

"मले काय होते?"

आईनं फोन माझ्या हातात दिला. "आज त बरा आहे," ती म्हणाली. "उद्या पुन्हा लावून देजो." आणि चुंगडी सावरत ती जिपेकडे चालू लागली.